कुडाळच्या बाई भोसरीत रुजू झाल्या

आमचे साहेब एका हॉटेलातल्या सेमिनारहून दोन शब्द शिकून आले. एक ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ आणि दुसरा ‘ऑनबोर्डिंग’. आधीच्या सेमिनारहून ते शिस्त शिकून आले होते, तेव्हा वर्कशॉपच्या सगळ्या भिंतींवर पिवळे पट्टे आले आणि आठवडाभर पान्हे सापडेनात. त्यामुळे या वेळी काय हरवणार, एवढीच आम्हाला धास्ती होती.

आमचं वर्कशॉप भोसरीच्या एमआयडीसीत. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना लागणारे छोटे सुटे भाग आम्ही बनवतो. खाली मशिनं, वर ऑफिस, आणि ऑफिसात अकरा वर्षं मी एकटी. ऑर्डरी, मेल, चलनं, गाडी कुठे अडकली याची चौकशी, सगळं माझ्याकडे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“आपण एक बाई घेतोय. कुडाळला राहतात. घरूनच काम करतील.”

“कुठलं काम?”

“तुमचंच,” साहेब म्हणाले. मग माझा चेहरा बघून घाईघाईने, “म्हणजे तुमचा भार हलका होईल हो. त्यांचं ऑनबोर्डिंग, म्हणजे काम शिकवणं, तुम्ही करायचं.”

संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं होते. त्यांच्या खात्यात नवं मशीन आलं तेव्हाही साहेब लोकांनी भार हलका होईल असंच सांगितलं होतं, आणि सहा महिन्यांत निम्मं खातं स्वेच्छेने घरी बसलं होतं. वडील चहा बशीत ओतत म्हणाले, “शिकव तिला. पण सगळं नको शिकवू.”

मी चाळीस वर्षांची बाई, पण वडिलांचं हे मी लगेच ऐकलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्या शेजारी एक टेबल-खुर्ची मांडायला लावली. टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर कुडाळच्या बाई. नऊ ते सहा कॅमेरा चालू. साहेबांचं म्हणणं, माणूस दिसला पाहिजे. बाई पंचेचाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, केस घट्ट बांधलेले. मागे भिंतीशी भाताच्या कणग्या दिसत होत्या, म्हणून साहेबांनी ‘प्रोफेशनल बॅकग्राउंड’ मागितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मागे निळी चादर टांगली. चादरीमागून कोंबडा आरवायचा तो आरवतच राहिला. चहावाला सवयीने त्यांच्या टेबलावरही एक कप ठेवून गेला. तो कप उचलावा की नाही हे कुणालाच कळेना, म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला, वर साय धरून.

मग सेफ्टीचं आलं. आमच्याकडे नवीन माणसाला हेल्मेट आणि लोखंडी टोकाचे बूट दिल्याशिवाय हजेरीपटावर नाव चढत नाही. मी म्हटलं, “साहेब, त्या घरात बसून काम करणार.” साहेब म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.” कुरिअरने बूट गेले. पोचपावती परत आली, सुंदर वळणदार अक्षरात: ‘बूट मिळाले. मला मोठे होतात. यजमानांना बरोबर बसले. आभारी आहे.’ ती फाइलला लावली. ऑडिटला विचारलं तर दाखवता येईल.

इथवर गंमत होती. मग बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“ताई, माल गेला नाही तर कुणाला कळवायचं ते कुठे लिहिलंय ओ?”

लिहिलेलं काहीच नव्हतं. निम्मं माझ्या डोक्यात होतं आणि निम्मं स्टोअरवाल्या काकांच्या. काका मूळ भोसरी गावातले, साठीला आलेले. वर्कशॉपच्या जागेवर त्यांच्या चुलत्यांची ज्वारी होती म्हणे. बाई त्यांना रोज फोन करू लागल्या, आणि काका, जे आमच्याशी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ यापलीकडे बोलत नसत, ते तिकडे अर्धा अर्धा तास बोलायला लागले. “पद्धतशीर बाई हाय,” ते मला म्हणाले. “लिहून घेती. तुमी कदी लिहून घेतलं का?” मला ते लागलं.

मी बाईंना पुष्कळ शिकवलं. कुठल्या कंपनीचा मेल कुठे ठेवायचा, चलन कसं भरायचं, ड्रॉइंगचा नंबर कुठे बघायचा. एकच गोष्ट सांगितली नाही, आणि आमच्या धंद्यात तीच मोठी होती. चाकणहून विचारणा आली, की माल कधी देता, तर उत्तर एकच द्यायचं: ‘उद्या संध्याकाळपर्यंत.’ मशीन बंद असो, माणूस गावाला गेलेला असो, लोखंडच आलेलं नसो. उद्या संध्याकाळपर्यंत. ते ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की उद्या काही नाही. तो परवा पुन्हा फोन करतो, आपण पुन्हा तेच सांगतो. अकरा वर्षं माझी निम्मी नोकरी यावर चालली होती. हे मी विसरले नव्हते. मी ते ठेवून घेतलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी एक दिवस रजा टाकली. रजेची तशी गरज नव्हती. बाईंनी एकटीने सांभाळून दाखवावं, असं मी साहेबांना म्हटलं, आणि मनातून मला त्या तोंडावर पडलेल्या बघायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कासारवाडीला बसमध्ये असतानाच साहेबांचा फोन आला. “तुमच्या त्या बाईंनी काय केलंय बघा! ताबडतोब या!”

पोचले तर साहेब लॅपटॉपसमोर उभे राहून ओरडत होते. कुडाळ लांब असल्यामुळे की काय, नेहमीपेक्षा मोठ्याने. चाकणच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने माल कधी मिळेल असं विचारलं होतं. बाईंनी काकांना विचारलं. काका म्हणाले, “मशीन बंद हाय. बेअरिंग गेलंय. शनवारच्या आत न्हाई व्हायचं.” आणि बाईंनी ते जसंच्या तसं स्वच्छ मराठीत कळवून टाकलं होतं. ‘आमचे मशीन दुरुस्तीला आहे. माल शनिवारी दुपारी मिळेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

“अहो, असं कोणी खरं कळवतं का?” साहेब लालबुंद झाले होते. “वीस वर्षांत या कंपनीने गिऱ्हाइकाला असं कधी कळवलेलं नाही!”

बाईंनी लिहिणं थांबवलं. मागे कोंबडाही गप्प होता. “मला माहीत नव्हतं, साहेब,” एवढंच त्या म्हणाल्या.

“यांनी सांगितलं नाही तुम्हाला?” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी कॅमेऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं वाटलं, आणि म्हणाल्या, “सांगितलं असेल. माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

दुपारी मी मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या शेडजवळ गेले. तिथे आवाजामुळे कुणाला काही ऐकू जात नाही. आम्हाला रडायचं असो की गावी फोन करायचा असो, सगळे तिथेच जातो. मी बाईंना फोन लावला. “मी सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हतं सांगितलं.”

“काय?” त्या म्हणाल्या. कॉम्प्रेसर फारच मोठ्याने चालू होता. मला ते ओरडून पुन्हा सांगावं लागलं. माफी ओरडून मागताना माणूस फार वाईट दिसतो.

“कळलं होतं ओ मला, ताई.”

“मग बोललात का नाही?”

“मी शाळेत कारकून होते, एकोणीस वर्षं. तिथे एक नवीन मुलगी घेतली होती. मी तिला दाखल्यांचं रजिस्टर कुठे ठेवते ते चार महिने सांगितलं नाही. ती रोज कपाटं शोधायची. शेवटी सोडून गेली. मग शाळाच बंद पडली. रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.”

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. कॉम्प्रेसर बोलत होता.

दोन दिवसांनी चाकणहून खरेदी खात्याच्या माणसाचा फोन आला. साहेबांनी तो हात जोडत घेतला, म्हणजे एका हातात फोन धरून उरलेला हात जोडत. पलीकडचा माणूस म्हणाला, “राव, पहिल्यांदा कुणीतरी खरी तारीख दिली. मी दुसरं काम आधी लावून घेतलं. बाकीचे सगळे उद्या संध्याकाळपर्यंत म्हणतात.”

साहेब बराच वेळ “हो, हो” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, “मी म्हणतच होतो.” आठवड्याभरात दर्शनी भिंतीवर पिवळ्या पट्ट्याच्या वर फलक लागला: ‘पारदर्शकता हीच आमची ओळख.’ त्याचं उद्घाटनही झालं. फलकवाल्याने तो ‘उद्या देतो’ म्हणत चार दिवस उशिरा दिला होता.

माझी नोकरी गेली नाही. वडिलांना अजून ते पटत नाही. ते दर महिन्याला विचारतात, “आहे ना?” मी म्हणते, आहे. कामाचं स्वरूप मात्र बदललं. बाई सकाळी मेल बघतात, मी खाली मशिनांपाशी जाऊन खरं काय ते विचारून येते. काकांनी सांगितलेलं सगळं बाईंनी टाइप करून काढलं, सत्तावन्न पानं. त्यात एक पान फक्त काकांच्या शब्दांत आहे, कारण त्याचं प्रमाण मराठीत काय करावं हे त्यांना सुचलं नाही. लोखंड आत घेताना ते वाजवून कसं बघायचं, याचं ते पान आहे. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, “व्हय. असंच हाय.” आणि चष्मा पुसत स्टोअरमध्ये निघून गेले.

पुढच्या महिन्यात साहेब पुन्हा सेमिनारला चाललेत. या वेळी दोन दिवसांचा आहे.