तेवीस मिनिटं दहा सेकंद

घड्याळवाली मावशी भर दुपारी शटर ओढून भिंतीशी बोलते, अशी बातमी गल्लीत निघाली आणि संध्याकाळपर्यंत तिला चांगले चार पाय फुटले. बेकरीवाल्याच्या मते ती बोलत नव्हती, भांडत होती. शिंपीणबाईंच्या मते रडत होती. "आणि घड्याळं बंद, हो! एकूण एक! डोक्यावर परिणाम, दुसरं काय!"

यातलं शटर आणि घड्याळं तेवढी खरी. मावशी बोलत होती फोनशी. आवाज घुमू नये म्हणून फोन एका रिकाम्या घड्याळाच्या पेटीत, जुन्या शालीचं अस्तर लावून, उभा केला होता. ती पॉडकास्ट काढत होती. लोक दुकानात यायचे ते सेल बदलायला. लंबकाची घड्याळं दुरुस्त होतात हेच विसरून गेले होते. "मी अजून आहे, हे कुणी सांगायला नको? मग मीच सांगते," म्हणत तिने शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून रेकॉर्डिंगचं बटण शिकून घेतलं. सुरू करायचं. मधेच थांबवायचं शिकायचं राहून गेलं.

पहिल्या खेपेला चाळीस घड्याळांनी तिचा आवाज खाऊन टाकला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ऐकू आलं. दुसऱ्या खेपेला तिने रेकॉर्डिंग सुरू केलं, भिंतीच्या कडेने चालत एकेका पेटीचं दार उघडलं आणि बोटाने एकेक लंबक थांबवला. तीस वर्षांच्या सवयीचं बोट ते, डोक्याला विचारून चालत नाही. दुकान गप्प झालं आणि मावशी 'धूळ पुसताना काय करू नये' यावर अशी रंगली की विचारू नका.

बोलणं आटपून ती वळली आणि जागच्या जागी थिजली.

"अगं बाई गं!"

भिंतीच्या टोकाचं घड्याळ शाळेच्या हॉलचं होतं. शाळेत अशी अकरा. हेडसर ती सगळी भंगारात काढणार होते. मावशीने फार गळ घातली तेव्हा त्यांनी आधी घसा साफ केला, कारण त्याशिवाय त्यांचं वाक्य निघत नाही. "म्हणजे काय, की हे एक न्या. आठ दिवस सलग चालवा. मिनिटाच्या वर चुकलं, तर बाकीची दहा भंगारात." आणि पेटीची किल्ली तिच्याच हातात ठेवली. "तुमच्यावर विश्वास आहे, बाई."

तो सहावा दिवस होता.

मावशीने आधी लंबक हलवला. मग तिचं बोट मोठ्या काट्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. तेवढ्यात शटरखालून झेरॉक्सवाल्याचं डोकं आत आलं.

"मावशी, सरकवा की काटा. कोण बघतंय?"

"गप रे."

"अहो, वीसेक मिनिटांनी सरकवायचा. हेडसरांचे वडील आले तरी कळणार नाही!"

"अंदाजाने सरकवला, तर हे घड्याळ नीट चालतंय की नाही, ते मलाच कधी कळणार नाही," मावशी म्हणाली आणि तिने बोट काढून घेतलं. घड्याळ तसंच, मागे पडलेलं, चालत राहिलं.

आठव्या दिवशी साडेदहाला हेडसर आले. भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं.

"म्हणजे काय, की..." त्यांनी पुन्हा घसा साफ केला.

"बंद पडलं नाही, सर. मी बंद केलं." मावशीने रेकॉर्डिंग लावून फोन पुढे केला. "किती वेळ, ते यात आहे. तुमच्या घड्याळाचा आवाज सगळ्यांत जाड. तो थांबतो तिथून पुन्हा सुरू होतो तिथपर्यंत मोजा."

झेरॉक्सवाला दारातच होता. शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे छापल्या जात. तो कुजबुजला, "मावशी, त्यात मीपण आहे! 'सरकवा' म्हणणारा!"

"लंबक हलवल्यानंतर आहेस. सर तोवर कशाला ऐकतील?"

सरांनी ऐकलं. शेवटपर्यंत. कागदावर आकडे टिपत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. 'हेडसरांचे वडील' आले तेव्हा मात्र मान वळवून दाराकडे पाहिलं. झेरॉक्सवाल्याला अचानक दुकानात काम आठवलं.

"तेवीस मिनिटं दहा सेकंद," सर म्हणाले. "आता हे अकराचा टोला देईपर्यंत थांबू."

थांबले. दोघं समोरासमोर स्टुलावर. एरवी चाळीस घड्याळांत झोप काढणाऱ्या मावशीला त्या दिवशी एकच आवाज ऐकू येत होता.

पहिला टोला पडला. सरांच्या मनगटावर अकरा वाजून तेवीस मिनिटं, चाळीस सेकंद.

"म्हणजे काय, की आठ दिवसांत तीस सेकंद." सर उठले. "बाकीची दहा पाठवतो." मावशीने श्वास सोडला, तोच त्यांनी हात पुढे केला. "पण किल्ल्या यापुढे माझ्याकडे. घड्याळांना चावी द्यायची असेल तेव्हा शिपायाबरोबर त्या पाठवत जाईन."

मावशीने किल्ली दिली. कामं मिळाली आणि मानही खाली गेली, दोन्ही एकाच दमात.

त्या संध्याकाळी तिची भाची म्हणून मी झेरॉक्सवाल्याशी छातीठोक पैज लावली, की पहिल्या एपिसोडमधून ती 'अगं बाई गं'पासून पुढचं सगळं कापणार. गल्लीत सगळ्यांच्या नकला करणारी मी; हरले तर आठ दिवस कुणाचीही नक्कल नाही. मावशीने काही कापलं तर नाहीच, वर शेवटी किल्ली परत द्यावी लागली तेही सांगून टाकलं. झेरॉक्सवाल्यानेही परवानगी दिली, दुकानाचा पत्ता सांगायच्या अटीवर.

आज पाचवा दिवस. सकाळी हेडसर समोरून गेले, घसा साफ करत. मी ओठ घट्ट मिटून उभी.