पियानोत किती जणी

धुळ्याच्या मुलींच्या मिशन शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. माहेर एरंडोलकडचं, शेतकऱ्याचं. आमच्या घरी पहाटे आई आणि दोन्ही काकू जात्यावर बसत, आणि मी अंथरुणातूनच ओळखायची की आत्ता ओवी कोण म्हणतंय, कोणाचा घसा बसलाय, कोण रडून आलीय. गाण्याशी माझा संबंध तेवढाच. पियानो मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या मोठ्या बाईंच्या बंगल्यात, आणि मला ते आधी कपाटच वाटलं.

मोठ्या बाई युरोपियन होत्या. आम्ही त्यांना मडमबाई म्हणायचो. साठी उलटलेली, पाठ ताठ, मराठी स्वच्छ. फक्त 'ळ' त्यांना कधी जमला नाही, धुळ्याला त्या 'धुलं' म्हणत. शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. जेवणं आटोपली की त्या आम्हा तिघी शिक्षिकांना बोलावत, वाळ्याचे पडदे ओले करून सोडायला लावत आणि आम्हाला पियानोकडे पाठ करून बसवत. मग कोडी सुरू होत.

"हा पाऊस की घोडा?" असं विचारून त्या काहीतरी वाजवत. "हे बारसं की मर्तिक?" एकदा आम्ही तिघींनी एका सुरात "लग्न!" म्हणून सांगितलं, आणि ते त्यांच्याकडच्या प्रेतयात्रेचं निघालं. त्या दिवशी त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

सगळ्यात अवघड कोडं शेवटी असे. "सांगा, किती जणी?" त्यांच्या जुन्या संगीतात एक प्रकार असतो. एक आवाज एक ओळ घेऊन निघतो. तो जरा पुढे गेला की दुसरा तीच ओळ खालून धरतो, मग तिसरा. वाजवणारे हात दोनच, पण आत तीन जणी असतात, कधी चार. त्या आम्ही मोजायच्या. बाकी दोघी काहीतरी ठोकून देत. माझं मात्र चुकत नसे. मला ते जात्यावरच्या बायकांसारखंच ऐकू येई.

त्या वैशाखात एका शनिवारी त्यांनी एक लहानशी चीज वाजवली. मी म्हटलं, "चार."

"तीन," त्या म्हणाल्या.

"नाही मडमबाई, चार. एक अगदी खाली आहे, खर्जात. ओळ तीच, पण जरा मागे राहते. अडखळते. कागदावर बघून वाजवल्यासारखी."

मी वळून पाहिलं, तर त्यांचे हात मांडीवर होते आणि त्या आपल्या डाव्या बाजूला, बाकाच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"आज पुरे," त्या म्हणाल्या.

निघताना व्हरांड्यात त्यांच्या म्हाताऱ्या आयानं मला गाठलं. तिनं या बंगल्यात तीस वर्षं काढली होती.

"बाई, तुले कोनी सांगं?"

"काय सांगितलं?"

"धाकली बाई डावीकडे बसे. आते ती नई शे."

हळूहळू तिच्याकडून सगळं कळलं. मडमबाईंची धाकटी बहीण इथेच राहायची. दोघी एका बाकावर बसून चार हातांनी वाजवत. धाकटी खालच्या सुरांच्या बाजूला, आणि नेहमी मागे पडायची. मी जन्मले त्या सुमाराला ती प्लेगात गेली. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पुढच्या आठवड्यात मडमबाईंनी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क मुसलमान मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पियानोची पुढची फळी काढली आणि मला जवळ उभं करून वरपासून एकेक पट्टी दाबत खाली यायला सुरुवात केली.

"एवढ्या खाली होती ती?" मडमबाई विचारत.

"नाही, याहून खाली," मी म्हणत गेले.

शेवटी मिस्त्रींची बोटं अशा पट्ट्यांवर आली की नुसती लाकडाची टकटक. त्यांनी वाकून आत पाहिलं. "इथं ताराच नाहीत, बाई. गंजून तुटल्यात. बऱ्याच वर्षांचं काम दिसतंय. इथून आवाज निघायचा सवालच नाही." माझ्याकडे पाहून ते थांबले. मग म्हणाले, "नव्या घालून देऊ?"

"नको," मडमबाई म्हणाल्या. "आहे तसंच राहू द्या."

त्यानंतर पाऊस-घोड्याची कोडी बंद झाली. बाकी दोघींना बोलावणं येईना. मी एकटीच पाठ करून बसे, त्या तीच चीज वाजवत आणि विचारत, "किती?" मला तीनच ऐकू येत. तसं मी तीन शनिवार सांगितलं. पावसाळ्यानंतर त्या कायमच्या मायदेशी जाणार होत्या, बोटीचं तिकीटही आलं होतं. आणि दर वेळी माझं 'तीन' ऐकून त्या हलकेच पियानो मिटत. त्या मिटण्याचा आवाज मला सहन होईना. चौथ्या शनिवारी मी म्हणून टाकलं, "चार. आली होती. जरा मागे होती."

मी खोटं बोलले होते.

मडमबाईंनी डोळे मिटले. "हो," त्या म्हणाल्या, "मलाही आज ऐकू आलं."

मी तर ऐकलंच नव्हतं. मग यांनी काय ऐकलं? की माझं खोटं ओळखून त्यांनीही माझ्यासाठी एक खोटं सांगितलं? विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवारी त्यांनी तिकीट परत पाठवलं. त्यापुढे मी दर शनिवारी 'चार' म्हणत राहिले, आणि म्हणताना ऐकणंच सोडून दिलं. मनात दुसरंच काही घोळवत बसे, पाढे म्हणे. एखाद्या दिवशी खरोखरच चार ऐकू येतील याची मला भीती वाटू लागली होती. दिवाळीनंतर मी जळगावच्या शाळेत जागा मिळवली आणि धुळं सोडलं. निरोप घेताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही नसलात तरी आता मला मोजता येतं."

दोन उन्हाळ्यांनी त्या तिथेच तापाने गेल्या. पुढे त्यांच्या भाच्याचं पत्र शाळेकडून माझ्यापर्यंत आलं. मावशी शेवटची वर्षं काढायला आमच्याकडे यायची होती, सगळी तयारी झाली होती, मग ती का थांबली, तुम्हाला काही माहीत आहे का, असं त्यानं विचारलं होतं. मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की त्यांना इथल्या हवेची सवय झाली होती. त्यानं उलट टपाली आभार मानले.