रुईवरचा कोष

फाटकाजवळच्या रुईवर आधी अळी दिसली, मग कोष. रोज सकाळच्या फेरीनंतर मी ते वहीत टिपत होतो. कालच कोषातून केशरी पंख दिसू लागले होते. आज पाहतो तर रुई कापलेली! शेजारी सोसायटीचे अध्यक्ष नाना ऐटीत उभे.

"अळ्या झाल्या होत्या हो. साफ करून टाकलं."

मी असा कडाडलो की तारेवरची कबुतरं उडाली. "नाना, भिंतीवर फुलपाखरं काढायला रंगारी बोलावता, आणि खऱ्यांवर कोयता?"

फुलपाखरू सगळ्यांना हवं. त्याचं बाळपण कुणाच्या दारात नको!

ढिगाऱ्यातून कोषाची फांदी शोधली, जिना चढलो आणि ती नानांच्याच दाराच्या कडीला बांधली.

मागोमाग आलेल्या नानांना म्हटलं, "आता दार जपून उघडा. आत कुणीतरी कपडे बदलतंय."