मला पण डांबा की

‘डांबणे’ हे क्रियापद इतर गावांत पोलिसांचं. माणूस डांबला गेला की घरचे तोंड लपवतात. आमच्या शिवाजी पेठेत फुटबॉलच्या फायनलआधी तालमीत, म्हणजे संघाच्या अड्ड्यावर, पोरं डांबायचे, आणि जिचा पोरगा आत, ती आई नळावर ताठ मानेनं पाणी भरायची. विरुद्ध पेठेनं कुणाला फितवू नये, कुणी अरबटचरबट खाऊन पोट बिघडवू नये, म्हणून बाहेरून कुलूप.

नव्वदच्या दशकात मी संघाचा दुसरा गोलकीपर होतो. म्हणजे पहिल्याची पाण्याची बाटली धरणारा. चुलतभाऊ लेफ्ट विंगला. आम्हाला फुटबॉल शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला आत घेतलं आणि माझ्या नाकासमोर दार लावलं.

वर आईनं मटणाचा डबा माझ्याच हाती दिला, त्याला पोचवायला! खिडकीच्या गजाआडून नळी चोखत तो म्हणाला, “पावणं, रस्सा जरा कमीच आणलासा की!”

माझा जळून कोळसा. मास्तरांना म्हटलं, “मला पण डांबा की.”

“तुला? तुला कोण पळवून नेतंय?”

असं होय? मी थेट चहाच्या गाड्यावर गेलो आणि चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, “पल्याडच्या पेठेतली दोघं आज मला जेवायला नेणार हायत.”

चहा संपायच्या आत मास्तर स्कूटरवरून हजर. सगळ्यांदेखत माझी कॉलर धरली. “डांबा ह्याला!” अहाहा! स्कूटरवर मागं बसून मी गल्लीला हातही हलवला.

पण स्कूटर तालमीच्या दारात थांबेना.

“मास्तर, तालीम मागं राहिली.”

“फितलेलं पोरगं चांगल्यांत मिसळू व्हय?”

तालमीमागच्या गोठ्यात, वैरणीच्या खोलीत मला कोंडलं. सोबतीला म्हैस. भिंतीपलीकडून संघाच्या हसण्याचे फवारे येत होते आणि प्रत्येक फवाऱ्याला मी वैरणीला लाथ घालत होतो. फायनलच्या दिवशीही कुणी कडी काढली नाही. संध्याकाळी फटाके वाजले, तेव्हा निकाल कळला.

दार उघडलं चुलतभावानं, गुलालात बुडालेला. “जिंकलो रं!”

“ते ऱ्हाऊ दे. काल एवढं कशाला हसत होतासा?”

“तुझ्यावरच की! मास्तर तुझी नक्कल करत हुतं.”

त्याच्या गालावरचा गुलाल बोटानं पुसून मी माझ्या कपाळाला लावला.

“चांगली करत हुतं का?”