माझी चूक, आर्नेची माफी

आर्ने गेल्याचं कळलं तेव्हा मी मागच्या पडवीत आमसुलं वाळत घालत होते. मोबाईलवर त्याच्या मुलीचा निरोप होता: बाबा परवा झोपेतच गेले, मिठबावला आधी कळवा असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. रसाने लाल झालेल्या हातांनीच मी डोळे पुसले आणि ते आणखी चुरचुरायला लागले. माझा थोरला भाऊ बागेतून येत होता. त्याला सांगितलं तर तो पायरीवरच बसला. “आर्ने? आमचो आर्ने?” जसे काही आमच्याकडे दहा आर्ने होते! पण मलाही तोच प्रश्न पडला होता...

आमचो आर्ने म्हणजे स्वीडनचा सिनेदिग्दर्शक. एका लहानशा बेटावर मासेमाराच्या घरात जन्मला, जाळी शिवायला नको म्हणून शहरात पळाला आणि सिनेमागृहात रिळांचे डबे उचलायला लागला. पहिला सिनेमा साफ पडला. तिसऱ्याला मोठं बक्षीस मिळालं, आणि ते मिळालं त्याच आठवड्यात तिकडे बेटावर त्याचा बाप गेला. हा पुढच्या सिनेमाचं शूटिंग सोडून घरी गेला नाही. हे त्याने मला फार उशिरा सांगितलं. पुढे दोन सिनेमे आपटले, लोकांनी पाठ फिरवली, तेव्हा होड्यांवरचा माहितीपट करायला म्हणून तो विजयदुर्गाला आला. तिथून खाली आमच्या मिठबावला येताना आमच्या ओटीवर सुपारी कातरत बसलेले माझे बाबा त्याला दिसले आणि स्वारी थांबली ती थांबलीच. माझा बाप अस्साच बसायचा, म्हणाला. होड्या राहिल्या बाजूला, त्याने बाबांनाच घेऊन एका म्हाताऱ्याचा सिनेमा सुरू केला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. गावात इंग्रजी बोलणारी मीच, त्यामुळे दुभाषीही मीच. काय तो तोरा माझा! आर्नेकडे कॅनव्हासचं एक घडीचं स्टूल होतं. कॅमेरा काढण्याआधी चार-चार दिवस तो त्या स्टुलावर नुसता बसून राहायचा. लोक म्हणायचे, ह्याका काम नाय वाटता. बाबा देवळात गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणारे. एक मागणं सांगून ते श्वास घेणार आणि बाकीच्यांनी त्या श्वासात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही सवय गावाच्या हाडात मुरलेली. त्यामुळे व्हायचं काय, आर्ने इंग्रजीत लांबलचक सूचना देऊन जरा थांबला, की मागे बसलेले चार म्हातारे एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ दोन शॉट असे गेले. कारण कळल्यावर तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग रोज सकाळी गाऱ्हाणं झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, आणि ‘व्हय म्हाराजा’ त्याचंच सगळ्यांत मोठं.

आता खरं ते सांगते. एके दुपारी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “सिनेमातला म्हातारा इथे मरतो. तुझ्या बाबांना नीट समजावून सांग. ते नको म्हणाले तर मी हे घेणार नाही.” बाबा नकोच म्हणाले असते. जित्या माणसाला मेलेला दाखवायचा, तोही स्वतःच्या ओटीवर! सगळा गाशा गुंडाळला गेला असता आणि माझा तोराही. “बाय, काय म्हणता तो?” बाबांनी विचारलं. मी म्हटलं, “घटकाभर निजा म्हणतो.” बाबा निजले. आर्नेला वाटलं, परवानगी मिळाली.

पुढच्या वर्षी तो सिनेमा घेऊन आला. शाळेच्या अंगणात चादर बांधली, सगळा गाव जमला. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. पडद्यावर ते निजले, त्या दृश्याला लागून जमिनीवर तेवणारा दिवा दाखवलेला, मग खाली मान घातलेल्या बायका. शेजारच्या काकीने हंबरडाच फोडला, “भावोजी गेले गो!” भावोजी तिच्या पुढ्यातच बसलेले. लोक आधी हसले, मग बाबांचा चेहरा बघून गप्प झाले. बाबा उठले, माझ्याकडे वळले. “निजाक सांगितल्यान म्हणान निजलंय. माका मारल्यान कित्याक, ता इचार तेका.”

का मारलं, ते मी आर्नेला विचारलं. आर्नेने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. हळू आवाजात म्हणाला, “चूक माझी, माफ करा, हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात?” आणि मी, मी त्याला ते शब्द शिकवले! भर गावात हात जोडून तो ते मोडकंतोडकं बोलला. मी उभी राहून ऐकलं.

त्या सिनेमाने त्याला पुन्हा नाव मिळवून दिलं. आणखी चार केले, मग तरुण पोरांना शिकवत राहिला. पण आंब्याला मोहोर आला की मिठबावात हजर. बाबा त्याच्यासाठी ओटीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. त्यात एक ओळ नेहमीचीच असते: “लेकरांची काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा.” त्या ओळीला मात्र बाबा देवाकडे नाही, आर्नेकडे बघायचे. आर्ने म्हणायचा, व्हय म्हाराजा. मी दाराआड उभी असायचे. बाबांना ठाऊक होतं का? विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाबा गेले, आणि आता ज्याला विचारता आलं असतं तोही गेला. आर्ने या विषयावर माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही. लाज वाटते मला, आजही.

शेवटच्या खेपेला ते स्टूल तो इथेच ठेवून गेला. कॅनव्हास विटलाय, तरी ते जपून ठेवलंय, त्यावर कोणी बसत नाही. परवा दादाने त्याच्यासमोर नारळ ठेवला आणि आर्नेच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे बायका त्यात बोलत नाहीत. दादा चूकभुलीच्या ओळीपर्यंत आला, श्वासाला थांबला, आणि मी दारातून बाहेर येऊन म्हटलं, “व्हय म्हाराजा.” माझाच आवाज सगळ्यांत मोठा निघाला. दादाने दचकून वळून पाहिलं. का, ते त्याला रविवारी पेपरात हा लेख वाचून कळेल.