धनीबाईचा घुंगट आणि सात नंबरचं झाड

झाडं ओळखायला मी धनीबाईकडून शिकलो, आणि ज्या पद्धतीनं शिकलो ती चारचौघांत सांगायची सोय नाही.

साल १९५८. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी किसनराव, वय बावीस, मारेगावकडच्या जंगल कचेरीत नवा कारकून आणि स्वतःच्या मते फार शहाणा. त्या उन्हाळ्यात आमचा कूप, म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, बंजारा तांड्यामागच्या ओढ्यापर्यंत आला. वाकडीतिकडी झाडं आधी तोडायची आणि सरळ सागाला जागा करून द्यायची, असा नियम. मला तो तेव्हाही पटला नव्हता. या नियमानं माणसं तोडायची म्हटली तर आमच्या कचेरीत कोण उरलं असतं? पण वरून आणखी एक कागद आला. एखादं विचित्र झाड लोकांच्या ओळखीचं असेल तर ते राखावं, आणि अशा झाडांची यादी ओळखचिन्हासह पाठवावी.

झाडांसाठी छापील तक्ता नव्हता. मी माणसांसाठीचा घेतला: नाव, वय, ओळखचिन्ह. आमच्या कचेरीच्या साहेबांनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "चालेल."

झाडं दाखवायला जंगलावर पहारा ठेवणारा आमचा नाकेदार रहमत यानं तांड्यावरच्या धनीबाईला आणलं. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ. तिच्या सासरची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलुखभर फिरायची. वाटेवर पाट्या नव्हत्या. विचित्र झाडं हीच खूण. लक्षात राहावं म्हणून बायकांनी झाडांना घरातल्याच माणसांची नाती देऊन ठेवली होती. बैल विकले, तांडा शेतीला लागला, पण नाती काही सुटली नाहीत.

"हे माही जाऊ," एका मोहाकडे बोट दाखवून ती म्हणाली. दोन फांद्या कमरेवर हात ठेवल्यासारख्या. "अन् हे नणंद. नवऱ्याले गिळून बसली पाह्य." एका पिंपळानं शिंदीचं झाड पोटात घेतलं होतं, नुसता शेंडा बाहेर.

मी आकार पाहून नावं लिहू लागलो तशी ती खवळली. "आकाराच्या नादी लागू नोको बाबू. आकार फसवते, साल नाई फसवत. पांढरी फटक, कागदावानी सुटते थे कढईचं झाड. रातच्यानं पाह्यली त भूत वाटते. भेगाभेगाची, सुसरीच्या पाठीवानी, थे ऐन. पान तोडलं का दूध येते थे मोह. पयले जात पाह्य, मंग नातं लाव." हे मी आजही कुणाला शिकवतो. पुढचं शिकवत नाही.

ओढ्याशी आलो आणि तिनं एकदम घुंगट हनुवटीपर्यंत ओढला. तोंड वळवलं, आवाज बंद. समोर कहूची, म्हणजे अर्जुनाची, दोन झाडं होती. गुळगुळीत पांढुरक्या सालीची, दोन्ही पाठीत वाकलेली.

"यातलं कोणतं?" मी विचारलं.

"थे... ज्यायच्या म्होरं आमी बोलत नाई, थे," घुंगटातून आलं.

"डावं की उजवं?"

रहमतनं मला बाजूला घेतलं. "अजी बाबू, थे तिचे सासरे हायेत. त्यायचं नाव नाई घेता येत, बोट बी नाई दाखवता येत. तुमी काहून तंग करून राह्यले बाईले?"

यादीत झाड क्रमांक सात. नाव: रिकामं. वय: रिकामं. ओळखचिन्हाच्या रकान्यात काहीतरी भरणं भाग होतं. मी लिहिलं, "हे झाड दिसताच बाई घुंगट ओढते." तेव्हा मला ते फार चपखल वाटलं. यादी अकरा झाडांवर संपली आणि तोच आकडा मी त्या संध्याकाळी वर कळवून टाकला.

त्या दिवशी जंगलातून परतताना मी तिची थट्टा केली, की सासरे मेले तरी धाक गेला नाही वाटतं! ती हसली नाही. चालता चालता म्हणाली, "माही पयली पोरगी वाटेतच गेली, केळापूरच्या अलीकडं. सारे बैल म्होरं गेले. थे मांगं थांबले. आपलं घोंगडं देल्लं, सोता खड्डा खंदला. मले कोनाले उठवू नाई देल्लं. दिवस बुडेपावतर उभे राह्यले, असे वाकून. म्या एक बोल नाई बोलली. सुनेनं बोलाचंच नाई ना! मंग थे बी गेले, चंद्रपूरच्या वाटेवर. थो बोल राह्यला बाबू. हिंमत झाली का सांगीन. तवर झाड पाह्यजे."

हे झाड काहीही करून वाचवायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि ते मीच किती अवघड करून ठेवलंय हे चार दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी साहेब यादी पडताळायला आले. तोडीची टोळी कुऱ्हाडी घेऊन ओढ्यापलीकडे बसलेली. राखायच्या झाडाला गेरूचा पट्टा, तोडायच्या झाडांना घणाचा ठप्पा. सहा झाडं सुरळीत झाली. सातव्याशी साहेबांनी यादी वाचली आणि धनीबाईकडे पाहिलं. तिनं घुंगट घेतलेलाच होता. रहमत ओळखीचा, मी पोरवयाचा, पण साहेब परके आणि मानाचे पुरुष; त्यांच्यासमोर ती सकाळपासून तशीच चालत होती.

"ओळखचिन्ह तर आधीपासूनच चालू आहे," साहेब म्हणाले.

मग ठरलं की साहेबांनी सागाच्या आड जावं, म्हणजे घुंगट वर जाईल, आणि एकेका झाडाकडे पाहताना ज्याच्यापाशी तो खाली येईल ते सातवं झाड. साहेब आड गेले. घुंगट वर गेला. पण पडताळणी अधिकाऱ्यानं स्वतः पाहून करायची; साहेबांनी डोकं बाहेर काढलं. घुंगट खाली. पुन्हा आड, पुन्हा वर, पुन्हा डोकं, पुन्हा खाली. टोळीतली माणसं पोट धरून हसत होती. पाहिलं तर ओळख पटत नाही आणि नाही पाहिलं तर सही होत नाही, अशी साहेबांची गत.

तिच्या नवऱ्याला, नेमसिंगला, बोलावलं. त्यानं दोन्ही झाडांकडे बराच वेळ पाहिलं. "दोनी बापासारखेच दिसते. त्यायच्या तोंडाकडं पाहाची आमची हिंमत होती का साहेब?"

"दोन्ही राखू या," मी म्हणालो.

"आकडा अकराचा गेलाय," साहेब म्हणाले. "बारा कसे करू? किसनराव, चिठ्ठ्या टाका. डावं की उजवं."

मी कागद फाडला. एक चिठ्ठी चुकीची निघाली की धनीबाईचा बोल आयुष्यभर तसाच राहणार होता.

तेवढ्यात तिनं घुंगट उचलला. नुसता वर नाही, पार खांद्यामागे टाकला. साहेब, रहमत, नवरा, टोळी, सगळ्यांच्या देखत उघड्या तोंडानं ती उजव्या झाडापाशी गेली आणि बुंध्यावर हात ठेवला.

"भीमसिंग," ती म्हणाली. "हे भीमसिंग."

नेमसिंगनं खाली पाहिलं. मग ती झाडाशी तिच्या बोलीत बोलू लागली. "याडी" एवढा एक शब्द मला कळला. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. बाकी काही कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. कधी रागवत होती, कधी रडत होती, मध्येच एकदा हसलीसुद्धा. साहेबांनी टोपी काढून हातात धरली. मला रडू आलं, आणि मी ते चिठ्ठीनं पुसलं.

बोलणं संपल्यावर रहमत गेरूचा डबा घेऊन पुढे झाला.

"राहू द्या," धनीबाई म्हणाली. "आता तोडाचं असन त तोडा."

"आँ? काहून?" रहमत म्हणाला.

"बोलनं झालं माहं. आता थे झाड हाये."

साहेबांना घाम फुटला. "आता नाही तोडता येणार, बाई. नोंद झाली." त्यांनी स्वतः रहमतच्या हातातला कुंचा घेतला आणि पट्टा मारला. डावं झाड त्याच दुपारी पडलं.

पुढच्या आठवड्यात मी ओढ्याशी गेलो, तर धनीबाई त्याच झाडाची वाळकी फांदी चुलीसाठी ओढत होती. पदर कमरेला खोचलेला, तोंड उघडं. माझ्यातला कारकून जागा झाला.

"बाई, ते राखीव झाड आहे. सरकारचं झालंय आता."

"मंग आता सरकारनं घ्यावा घुंगट," ती म्हणाली, आणि फांदी मोडेना म्हणून माझ्याकडे पाहू लागली.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला.