बिनफोडणीचा वसंत

फोडणीशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या कोकणपट्टीत एकच जन्माला आला असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघाला. नशीब म्हणतात ते हेच. इतर बायकांचे मामेसासरे लग्नात आहेराचं पाकीट देतात आणि पुढे फक्त बारशाला भेटतात. माझे मामेसासरे मुलुंडला आमच्याच इमारतीत, आमच्याच खालच्या मजल्यावर राहत, आणि माझ्या कढईत मोहरी तडतडली की हिंग पडायच्या आत जिना चढून दारात उभे. "काय मारलंस गो आज?" हा पहिला प्रश्न. मी म्हणायचे, "मटार आहेत, मामा." मग ते मयताला आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकत आणि म्हणत, "कोवळो जीव होतो बिचारो." माझी भूक तिथेच मरायची. नवऱ्याची मरत नसे, तो मामांचा भाचा असला तरी वाढला होता मामीच्या हातावर.

मामा मालवणकडचे. मिसरूड फुटायच्या वयात प्रवाशांच्या एका मोठ्या बोटीवर भटारखान्यात लागले. तिथला मुख्य आचारी फ्रेंच होता. मामा त्याला 'म्हातारा' म्हणत, आणि म्हणताना उजवा हात आपोआप कानाच्या पाळीला जाई, गवयाचा जातो तसा. ह्या म्हाताऱ्याने मामांना भाजीच्या टेबलाशी उभं केलं आणि मामा निवृत्त होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मासे दुसऱ्याकडे, मटण तिसऱ्याकडे. म्हणजे बघा, मालवणचा माणूस, सगळा जन्म समुद्रावर गेला, आणि हाताला वास कसला, तर गाजराचा. वर्षातून एकदा घरी मामीकडे यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, परत जायचे. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास, इमारतीत घरोघर रंगीत टीव्ही येत होते, तेव्हा मामाही कायमचे आले. टीव्हीला निदान बटण होतं.

फेब्रुवारी लागला की मामा जाहीर करत, "वसंत इलो." मुलुंडात त्या सुमाराला पंखे फुल्ल सुरू झालेले असतात आणि दुपारी गॅलरीत पाय ठेवला तर तळवा भाजतो. पण मामांचं पंचांग वेगळं होतं. म्हाताऱ्याने त्यांना शिकवलं होतं की वसंतात जमीन भाजी देते ती कोवळी आणि गोड देते, आपलं काम एवढंच, की मध्ये तोंड घालायचं नाही. त्यासाठी जाड बुडाचं पातेलं, त्यात लोणी, लहान लहान कांदे, सॅलडची ओली पानं, त्यावर मटार, चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर, झाकण आणि अगदी मंद आच. पाणी घालायचं नाही, पानांना चिकटून आलेलं असेल तेवढंच. मसाला म्हणजे मामांच्या मते भाजीच्या थोबाडीत मारणं. मी एकदा म्हटलं, "मामा, निदान जिरं तरी." तर दोन दिवस माझ्याकडे चहाला आले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू.

कांदे माटुंग्याच्या मद्रासी दुकानातून, कारण आपले कांदे त्यांना दगड वाटत. सॅलडची पानं क्रॉफर्ड मार्केटातून, ओल्या पंच्यात गुंडाळून, मांडीवर धरून आणलेली, तान्हं बाळ आणावं तशी. मटार मात्र मुलुंड स्टेशनाबाहेरच, पण प्रत्येक टोपलीतली एक शेंग फोडून, दाणा चावून, मान हलवून पुढे. तिथली भाजीवाली एकदा म्हणाली, "काका, जेवूनच जावा आता, पाट मांडते." मामांना हा अपमान वाटलाच नाही. त्यांनी तिला उलट समजावलं की शेंग सकाळी तोडलेली असेल तर फोडताना आवाज येतो, आणि आवाज ऐकवण्यासाठी तिच्या आणखी चार शेंगा फोडल्या.

गाजरांची तऱ्हा आणखीच न्यारी. गाजर चिरायचं नाही, घडवायचं. छोट्या वाकड्या सुरीने तासत तासत त्याचं दोन्हीकडे निमुळतं, मध्ये फुगीर असं पिंप करायचं, सगळी पिंपं एकसारखी, आणि प्रत्येकाला सात बाजू. सहा झाल्या की बाद. मी विचारलं, "सातच का?" मामा म्हणाले, "म्हाताऱ्याक विचारूची माझी छाती नव्हती, आता तू माका विचारतंस." एका किलोतून वाटीभर पिंपं निघत आणि परातभर साल नि चुरा उरे. तो चुरा मामी गुपचूप उचलून न्यायची, त्यात दाण्याचं कूट, लिंबू आणि वरून मिरचीची चरचरीत फोडणी, की झाली झकास कोशिंबीर. मामांची पिंपं ताटात तशीच राहायची आणि कचरा पोटात जायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

लोण्यावरून तर त्या घरात महायुद्ध होतं. विकतचं पिवळं खारं लोणी मामांना चालत नसे, म्हणून ते मामीची साय पळवत. मामी साय साठवायची तुपासाठी, सणाच्या. पातेलं उघडावं तर साय गायब आणि मामा गॅलरीत पाठमोरे बसून बरणी हलवतायत. एका चैत्रात तर मामीच्या हळदीकुंकवालाच त्यांनी उत्साहाने आपली भाजी मांडली. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि त्यांच्या शेजारी लोण्यात न्हालेली गाजराची पिंपं. बायका बिचाऱ्या भिडस्त. एकीने घास घेतला, बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "हे उपासाला चालतं का हो?" दुसरीने पन्ह्याच्या पेल्यातून मीठ-वेलचीचा अंदाज घेतल्यासारखं करून तो अख्खा त्या भाजीवर ओतला. मामी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. रडायला गेली असं मामांना वाटलं. ती हसून हसून भिंतीला टेकली होती, मी बघितलंय.

पण मामीने स्वतः मामांच्या हातचा घास कधी घेतला नाही. ही गोष्ट आम्ही हसण्यावारी न्यायचो, मामा नेत नसत. रोज एक वाटी ते तिच्यासाठी काढून, ताटली झाकून ठेवत. "चाखून तरी बघ." मामी म्हणायची, "माका नको. मी माझा रांधून खातय, इतकी वर्सां खाल्लंय तसाच." ह्यात तिखटपणा भाजीचा नव्हता हे मला समजायला वेळ लागला. संध्याकाळी ती वाटी वर माझ्याकडे यायची. मी सरळ लसूण-मिरचीची फोडणी द्यायचे आणि नवरा चाटूनपुसून खायचा.

मग एका फेब्रुवारीत, ऐन मटारात, मामीला कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही, अन्नाचा वास आला तरी तोंड फिरवायची. डॉक्टरांनी सांगितलं, तिखट बंद, तेल बंद, मसाला बंद. मामांच्या चेहऱ्यावर मी शपथेवर सांगते, काळजीच्या आड एक क्षण दिवा लागला. अहो, आयुष्यभर वाट पाहिलेला रोगी घरातच मिळाला होता. आणि तेवढ्यात डॉक्टर दारातून वळून म्हणाले, "तूप-लोणीही पूर्ण बंद." दिवा फटकन विझला.

शेजारणी आल्या, कुणी काविळीची माळ मामीच्या गळ्यात बांधली, कुणी उसाचा रस दिला, कुणी फुटाणे. मामी पेजेचे दोन घोट घेई आणि भिंतीकडे तोंड करून पडे. दिवसागणिक बाई उतरत चालली. नवरा ऑफिसातून येऊन आधी तिच्या पायाशी बसे आणि मग वर येई. ती अशीच जाते की काय, ही भीती आम्ही तिघेही एकमेकांपासून लपवत होतो.

मामांनी तिसऱ्या दिवशी जाड बुडाचं पातेलं काढलं. लोण्याशिवाय. म्हाताऱ्याने बघितलं असतं तर त्यांना समुद्रात टाकलं असतं, असं त्यांनीच मला सांगितलं. नुसती ओली पानं, मटार, मीठ, साखर. झाकणावर हात ठेवून बसले होते, आच इतकी बारीक की विझली वाटे. वाटी घेऊन ते मामीच्या उशाशी गेले, आणि एवढा मिजासखोर माणूस, पण पहिलं वाक्य काय बोलावं? "ह्या खरा न्हय हां. ह्याच्यात लोणी नाय. ह्या अर्धाच आसा."

मामीने डोळे उघडले. हात उचलायची ताकद नव्हती म्हणून असेल, नको म्हणाली नाही. मामांनी चमच्याने चार दाणे भरवले. ते राहिले पोटात. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. रोज मामा वाटी आणत आणि रोज तेच पालुपद, "ह्या खरा न्हय, अर्धाच आसा." मी वैतागून म्हटलं, "मामा, खातेय ना ती? मग कशाला पुन्हा पुन्हा तेच?" तर म्हणाले, "तिका वाटात, माका इतकाच येता." म्हणजे बायको मरणाच्या दारात आणि ह्यांना आपल्या इभ्रतीची पडलेली. चिडले मी. पण प्रत्येक चमचा आधी फुंकून गार करायचे हेही दिसत होतं.

मामी उठली. चैत्र लागला तोवर डोळे पांढरे झाले, आवाजाला धार आली, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता थोडं थोडं सगळं चालेल. नवऱ्याने पिशवी उचललीच होती. "मामी, बांगडा की सुरमई?" मामी पाटावर बसली होती. म्हणाली, "बांगडो उद्या." आणि मामांकडे न बघता, "तुमचा ता लोण्यातला करा. खरा."

आता चैत्रात कोवळे मटार कुठले आणायचे? मामांनी मुलुंड पालथं घातलं, ठाण्याला गेले, भायखळ्याला गेले, आणि परत आले ते निबर, पुठ्ठ्यासारखी जाड साल असलेले मटार घेऊन. मला वाटलं आता हे रडणार. त्यांनी मटारांना उकळत्या पाण्यातून काढलं आणि एकेका दाण्याची साल नखाने सोलायला बसले. मीही बसले समोर. दुपार गेली. मध्ये मी म्हटलं, "मामा, तिला काय कळणार आहे सालीचं?" ते म्हणाले, "माका कळतला." साय मामीने स्वतः काढून दिली.

वाढलं तेव्हा मामा तिच्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, बोटीवर उभे राहत असतील तसे. मामीने पहिला घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला. वाटी संपवली. मग बोटाने वाटी पुसली आणि वर बघितलं.

"इतकी वर्सां ह्या तुम्ही गोऱ्यांका घातलात?"

"होय."

"आणि माका आज."

फ्रेंच म्हाताऱ्याचं नाव घेऊन कुणाचंही तोंड बंद करणारा तो माणूस तिच्या शेजारी फरशीवरच बसला, आणि तिने रिकामी वाटी त्याच्यापुढे सरकवली, आणखी वाढ म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

दोघंही आता नाहीत. आधी मामा गेले, म्हणजे ह्याही वेळी तिला मागे ठेवूनच गेले. त्यांच्या दिवसांना मामीने मला खाली बोलावलं आणि विचारलं, ती भाजी तुला येते का गं. मी म्हटलं, येते, पण त्यांच्यासारखी नाही येणार. ती म्हणाली, "नाय येऊ दे. अर्धीच आसू दे."